भावल संन्यासी खटला: 'हा तोच' असं कशावरून?

२४ एप्रिल १९३० रोजी ढाक्याच्या न्यायालयात एक दिवाणी दावा दाखल झाला. मागणी वरवर साधी होती. वादी हा भावलच्या जमीनदारीचा दुसरा कुमार रमेंद्रनारायण राय आहे असं जाहीर करावं आणि इस्टेटीतला एक तृतीयांश हिस्सा त्याच्या ताब्यात द्यावा. अडचण अशी की हे रमेंद्रनारायण २१ वर्षांपूर्वी दार्जिलिंगला वारले होते. निदान कागदोपत्री तरी. सिव्हिल सर्जनचा दाखला होता, विम्याचे ३० हजार रुपये मिळालेले होते, श्राद्ध उरकलं होतं आणि पत्नी विभावती देवी विधवा म्हणून राहत होती.

एखादा माणूस काळाच्या ओघात 'तोच' राहतो तो कशामुळे, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात बहुधा कल्पित उदाहरणांनी शिकवला जातो: मेंदूची अदलाबदल, दूरप्रक्षेपणाची यंत्रं, राजपुत्राचं मन चांभाराच्या देहात. भावल खटल्यात यातलं काहीच नाही. पण त्या सगळ्या कल्पित उदाहरणांना ज्या सिद्धान्तांची परीक्षा घ्यायची असते, ते सगळे इथे शपथेवर, उलटतपासणीला तोंड देत उभे राहतात. शिवाय निकाल द्यावाच लागतो. तत्त्वज्ञाला 'प्रश्न अनिर्णित आहे' म्हणून वही मिटता येते, न्यायाधीशाला ती सोय नसते.

घटनाक्रम

भावलची गादी जयदेवपूरला होती. तेव्हाच्या ढाका जिल्ह्यातलं हे गाव, आज बांगलादेशातलं गाजीपूर. राजा राजेंद्रनारायण १९०१ मध्ये गेले, राणी विलासमणी १९०७ मध्ये. मागे तीन मुलगे आणि तीन मुली. मधला मुलगा रमेंद्रनारायण, म्हणजे मेजोकुमार, याचा जन्म २८ जुलै १८८४ चा. शिकार, घोडे, हत्ती यांत रमलेला. अभ्यासाशी फारसं सख्य नव्हतं आणि १९०५ च्या सुमारास त्याला उपदंश (सिफिलिस) झालेला होता. एप्रिल १९०९ मध्ये हवापालटासाठी तो दार्जिलिंगला गेला. बरोबर पत्नी, मेहुणा सत्येंद्रनाथ बॅनर्जी, घरचे डॉक्टर आशुतोष दासगुप्त आणि नोकरचाकर होते. मुक्काम 'स्टेप असाइड' नावाच्या बंगल्यात. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो आजारी पडला आणि ८ मे रोजी वारला असं सांगितलं गेलं.

यापुढे दोन हकिकती सुरू होतात. प्रतिवादींची, म्हणजे विभावती देवींच्या बाजूची, हकिकत अशी: मृत्यू मध्यरात्रीच्या सुमारास झाला, ९ मेच्या सकाळी रीतसर दहन झालं. वादीची हकिकत अशी: मृत्यू समजला गेला तो संध्याकाळीच, त्याच रात्री देह स्मशानात नेला, वादळी पावसामुळे मंडळी आडोशाला गेली, परतली तेव्हा देह जागेवर नव्हता. पावसात भिजलेल्या त्या माणसात धुगधुगी होती आणि नागा साधूंच्या एका टोळीने त्याला उचलून नेलं. सकाळी जाळला तो देह दुसऱ्याच कुणाचा, चेहरा झाकलेला. साधूंबरोबर हिंडताना त्याला आपण कोण हे आठवत नव्हतं. धर्मदास नावाच्या साधूकडून त्याने दीक्षा घेतली आणि पुढे पुष्कळ वर्षांनी हळूहळू गतायुष्य आठवू लागलं.

थोरला भाऊ १९१० मध्ये आणि धाकटा १९१३ मध्ये वारला. इस्टेट कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे, म्हणजे जमीनदाऱ्या सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे, गेली. १९२०-२१ च्या हिवाळ्यात ढाक्याला बुरीगंगेच्या काठी, बकलंड बंधाऱ्यावर, अंगाला राख फासलेला एक जटाधारी गोरा साधू बसलेला लोकांना दिसू लागला. एप्रिल १९२१ मध्ये त्याला जयदेवपूरला नेण्यात आलं. ४ मे १९२१ रोजी, मृत्यूच्या नोंदीला १२ वर्षं पूर्ण व्हायला चार दिवस असताना, त्याने आपण कोण ते सांगितलं. ३ जून रोजी जिल्ह्याचे कलेक्टर लिंडसे यांनी तो तोतया असल्याची जाहीर नोटीस काढली. ती फिरवताना दंगल झाली आणि गोळीबारात माणूस मेला.

पहिली चाळणी: खूण आणि घटक वेगळे काढा

या प्रकरणावर बोलताना बहुतेक चर्चा पहिल्याच पावलाला घसरते. 'तोच असणं कशात असतं' हा एक प्रश्न आणि 'तोच आहे हे कळतं कशावरून' हा दुसरा. बोटांचे ठसे जुळले तर माणूस तोच असं आपण म्हणतो, पण तोच असणं हे काही ठशांत नसतं. बोटं तुटली तरी माणूस तोच राहतो. ठसा ही खूण आहे, तादात्म्याचा, म्हणजे 'तोच असण्या'चा, घटक नव्हे.

आठवणींबाबत घोळ होतो तो नेमका इथे. जॉन लॉकने १६९४ मध्ये मांडलं की जाणिवेचा धागा मागे जिथवर पोचतो तिथवर ती व्यक्ती. त्याच्या लेखी आठवण ही खूण नाही, घटक आहे. ढाक्याच्या न्यायालयात मात्र आठवणींची तपासणी झाली ती निव्वळ खूण म्हणून. सगळा पुरावा ज्या गोष्टीकडे बोट दाखवत होता ती एकच होती: १९०९ मध्ये 'स्टेप असाइड'मध्ये अंथरुणाला खिळलेला देह आणि १९३३ मध्ये साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असलेला देह हा एक सलग जिवंत देह आहे का? आजच्या भाषेत हा जीवदेहवाद, म्हणजे आपण मुळात एक जिवंत प्राणी आहोत आणि त्या प्राण्याचं जगणं सलग असेल तर आपण तेच. खटल्यात कुणी हा शब्द उच्चारला नाही. पण दोन्ही बाजूंचे वकील, तीन पायऱ्यांवरचे न्यायाधीश आणि जयदेवपूरची रयत, सगळे मनातून जीवदेहवादी होते असं खटल्याची मांडणी पाहिल्यावर म्हणावं लागतं.

आलोका धाय

४ मे १९२१ चा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. बहीण ज्योतिर्मयीच्या घरी गर्दी जमलेली. त्याआधी तिने त्याला जेवताना पाहिलं होतं. घास घेताना त्याची तर्जनी इतर बोटांपासून वेगळी, बाहेर राहते हे तिने टिपलं होतं. गर्दीतून प्रश्न सुटले. तुमचं नाव? रमेंद्रनारायण राय चौधरी. वडलांचं? राजा राजेंद्रनारायण. आईचं? राणी विलासमणी. एक जण म्हणाला, राजा-राणीची नावं कुणाला ठाऊक नसतात? तुम्हाला दूध पाजणाऱ्या दाईचं नाव सांगा. साधू म्हणाला, आलोका. आणि जमावाने जयजयकार केला.

त्या अनाम शंकेखोराने जे केलं ती साक्षीशास्त्रातली उत्तम चाल होती. सार्वजनिक माहिती आणि खासगी माहिती यांतला फरक त्याने अचूक ओळखला. तरी ही चाल पुरती पडत नाही, का ते नीट पाहू.

बिशप बटलरने १७३६ मध्ये लॉकवर घेतलेला आक्षेप असा: खरी आठवण ती, जी मला स्वतःला घडलेल्या गोष्टीची असते. म्हणजे आठवण खरी की भासमान हे ठरवायला 'तो मीच होतो' हे आधीच ठरलेलं हवं. मग आठवणीवरून तादात्म्य सिद्ध करणं हे गोल गोल फिरणं झालं. 'आलोका' हे नाव साधूच्या तोंडून आलं, इतकंच गर्दीला दिसलं. ते बालपणीच्या अनुभवातून आलं की गेल्या चार महिन्यांत कुणी जुन्या नोकराने कानात सांगितलं, हे नावावरून कळत नाही.

विसाव्या शतकात सिडनी शूमेकर आणि नंतर डेरेक पार्फिट यांनी या आक्षेपातून वाट काढली. 'माझी' हा शब्द गाळून आठवणीची व्याख्या करायची: कुणीतरी घेतलेला अनुभव आणि आताची स्मृतिप्रतिमा यांच्यात योग्य प्रकारचा कार्यकारण दुवा असला की झालं. तर्कदृष्ट्या वर्तुळ तुटतं. पण न्यायालयाला नेमका तो दुवाच दिसत नसतो, दिसतो फक्त मजकूर. पढवलेल्याचा आणि आठवलेल्याचा मजकूर अक्षरशः एकच असू शकतो. म्हणून आठवणीची चाचणी वापरायचीच असेल तर उत्तरांपेक्षा उत्तरं चुकतात कशी याकडे पाहावं लागतं. पढवलेला माणूस ठळक गोष्टी बिनचूक सांगतो आणि किरकोळ गोष्टींवर अडखळतो. खऱ्या माणसाचं विसरणं असं शिस्तीत नसतं.

अज्ञानाचा पुरावा

प्रतिवादींच्या वकिलांनी, अमियनाथ चौधरींनी, उलटतपासणीत जो मार्ग धरला तो त्यांच्यावरच उलटला. त्यांचं म्हणणं असं की खरा मेजोकुमार इंग्रजी वळणाचा, शिकलेला होता. युरोपीय पोशाखातले कपडे, क्रिकेट-बिलियर्ड्समधले शब्द, इंग्रजी अक्षरं यांवर त्यांनी वादीला घेरलं. वादीला जवळपास काहीच आलं नाही. वरवर पाहता दावा इथेच कोसळायला हवा होता.

न्यायाधीश पन्नालाल बसू यांनी प्रश्न उलटा केला: खऱ्या कुमाराला हे येत होतं का? पुराव्याचा काथ्याकूट करून ते या निष्कर्षाला आले की तो सुशिक्षित कुमार ही बचावासाठी रचलेली प्रतिमा आहे. प्रत्यक्षातला कुमार जेमतेम सही करण्यापुरता साक्षर होता. मग वादीचं अज्ञान हे विसंगती न ठरता जुळणारी खूण ठरलं. स्मृतीच्या चाचणीचं हे अंग सिद्धान्तकारांनी फारसं हाताळलेलं नाही. आठवणी जुळवताना पूर्वीच्या माणसाला काय ठाऊक होतं ही यादी आधी पक्की असावी लागते, आणि ती यादी दुसरेच लोक करतात. त्यांचे हितसंबंध त्या यादीत उतरतात.

सहीची गोष्ट वेगळी. वादी सही करू शकत होता आणि ती जुन्या सह्यांशी ताडून पाहण्यात आली. सही ही घटनेची आठवण नसते, ती हाताची सवय असते. १९५३ मध्ये मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर हेन्री मोलेसन यांना नवी घटना लक्षात ठेवता येत नव्हती, तरी आरशात पाहून रेषा काढण्याचं कसब त्यांच्या हातात दिवसागणिक सुधारत गेलं. ब्रेंडा मिल्नर यांनी १९६२ मध्ये दाखवलेला हा फरक ढाक्याच्या न्यायालयाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण जेवतानाची तर्जनी आणि सहीचं वळण यांना पढवलेल्या उत्तरांहून जास्त वजन देणं शहाणपणाचंच होतं. हाताची सवय पढवायला वेळ लागतो, आणि लक्ष दुसरीकडे असताना ती टिकवणं त्याहून अवघड.

रीडची कोंडी, तारखांसकट

लॉकला सर्वांत अडचणीत आणलं थॉमस रीडने, १७८५ मध्ये. त्याच्या उदाहरणातल्या सेनापतीला तरुणपणी निशाण जिंकल्याचं आठवतं, त्या तरुण अधिकाऱ्याला शाळेत खाल्लेला मार आठवतो, पण सेनापतीला तो मार आठवत नाही. लॉकप्रमाणे सेनापती म्हणजे अधिकारी, अधिकारी म्हणजे मुलगा, पण सेनापती म्हणजे मुलगा नव्हे. हे तर्कात बसत नाही.

वादीची हकिकत खरी धरली तर भावलमध्ये हीच कोंडी वेगळ्या क्रमाने येते. १९०९ चा कुमार. १९१५ च्या सुमाराचा स्मृतिहीन साधू, ज्याला कुमाराचं काहीच आठवत नाही. आणि १९३३ चा वादी, ज्याला कुमारपणही आठवतं आणि साधूपणही. वादी म्हणजे साधू, वादी म्हणजे कुमार, पण साधू म्हणजे कुमार नव्हे. याहून चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. कडक लॉकवादी माणसाला म्हणावं लागेल की मधली काही वर्षं मेजोकुमार नावाची व्यक्ती अस्तित्वातच नव्हती आणि आठवणी परत आल्यावर ती पुन्हा अवतरली. तेवढ्या काळात इस्टेटीतला तो हिस्सा कुणाचा? कायद्याला असा अधांतरी मालक चालत नाही.

आधुनिक लॉकवादी आठवणीच्या जागी साखळी ठेवतात. आजचा उद्याशी जोडलेला, उद्याचा परवाशी. पहिल्या आणि शेवटच्या कडीत थेट दुवा नसला तरी चालतो. आठवणींबरोबर हेतू, स्वभाव, आवडीनिवडी, कसब हेही दुवे धरतात. पार्फिटने तर मोजमाप दिलं: जवळजवळ प्रत्येक माणसात एका दिवसापासून दुसऱ्यापर्यंत जेवढे थेट दुवे असतात त्यांच्या निदान निम्मे हवेत. आता हे ८ आणि ९ मे १९०९ च्या दरम्यान लावून पाहा. घटनांच्या आठवणी शून्य. भाषा, चालण्याची ढब, जेवायची पद्धत, हत्ती-घोड्यांची जाण शिल्लक. हे निम्म्याहून जास्त की कमी? मोजायचं कसं आणि एकक कोणतं, याचं उत्तर या सिद्धान्तात नाही. साखळीचा सिद्धान्त धड असलेल्या आयुष्यांत छान चालतो आणि जिथे त्याची खरी गरज पडते तिथे आकडे मागतो.

देहाचा हिशेब

सुनावणी नोव्हेंबर १९३३ मध्ये सुरू झाली. वादीचे १,०६९ साक्षीदार, प्रतिवादींचे ४७९. युक्तिवाद २१ मे १९३६ ला संपले आणि २४ ऑगस्ट १९३६ रोजी बसूंनी ५३२ पानांचा निकाल दिला, वादीच्या बाजूने. निकालाचा कणा म्हणजे शरीराच्या खुणांची यादी. गोरा तांबूस वर्ण. पिंगट केस, मिशी त्याहून फिकी. खालच्या ओठाला उजवीकडे मुरड. कानाच्या पाळ्या सुट्या आणि टोचलेल्या. वरची डावीकडची एक दाढ तुटलेली. हात लहान, बुटाचं माप सहा. उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीत मांसाचा बारीक उंचवटा. पावलांची कातडी खवल्यांसारखी. डाव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला गाडीचं चाक गेल्याचा वेडावाकडा व्रण. उजव्या दंडावर वाघाच्या नखाची खूण. लिंगावर बारीक तीळ.

या खुणा सगळ्या एका तोलाच्या नाहीत. वर्ण, केस, हातापायांची ठेवण, खवलेदार कातडी या जन्मजात गोष्टी. अशी लक्षणं घराण्यात उतरतात आणि एकमेकांशी जोडूनही येतात. गोरा वर्ण आणि पिंगट केस यांना दोन स्वतंत्र पुरावे धरणं म्हणजे एकच नाणं दोनदा मोजणं. शिवाय जमीनदार घराण्यात अनौरस भाऊबंद असण्याची शक्यता असतेच, आणि जन्मजात खुणा अशा माणसालाही लागू पडतील. याउलट घोट्याचा व्रण, वाघाची खूण, तुटलेली दाढ या अपघाती गोष्टी. त्यांचा एकमेकींशी संबंध नाही, वंशाशी तर नाहीच. अशा तीन-चार खुणा एका अंगावर सापडल्या की योगायोगाची शक्यता झपाट्याने घसरते. यादी लांब आहे म्हणून पुरावा भक्कम होत नाही, स्वतंत्र खुणा किती यावर तो ठरतो.

जुळत नसलेल्या खुणांचं काय? उपदंशाच्या खुणा वादीच्या अंगावर आहेत की नाहीत यावर दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांचं एकमत झालं नाही. इथे न्याय सारखा नसतो. व्रण असेल तर तो पूर्वी घडलेलं काही सांगतो, पण जखम भरून आल्यावर खूण न दिसणं हे पूर्वी काही घडलंच नाही याचा पुरावा होत नाही. छायाचित्रांवरही कलावंत आणि छायाचित्रकार दोन्हीकडून उभे राहिले आणि परस्परविरुद्ध बोलले. २४ वर्षांचा गुबगुबीत तरुण आणि पन्नाशीकडे झुकलेला माणूस यांचे फोटो शेजारी ठेवले की पाहणाऱ्याला जे पाहायचं ते दिसतं.

देहवादाच्या बाजूने एवढं मान्य केलं तरी त्यात एक भोक राहतंच. खुणा दोन टोकं जोडतात. मधली सलगता दाखवत नाहीत. मध्ये आहे दार्जिलिंगची रात्र. मृत्यूची वेळ संध्याकाळची की मध्यरात्रीची, स्मशानयात्रा एक की दोन, त्या रात्री पाऊस पडला का, यांवर महिने गेले. तिथल्या पर्जन्यनोंदीसुद्धा वादात सापडल्या. दाखला देणारे सिव्हिल सर्जन डॉ. कॅल्व्हर्ट यांची साक्ष लंडनमध्ये आयोगामार्फत घ्यावी लागली. तर्काची रचना अशी आहे: खुणा नि:संशय जुळत असतील तर दहन झालेला देह कुमाराचा नव्हता हे आपोआप ठरतं, मग रात्रीचा तपशील धूसर असला तरी बिघडत नाही. उलट दहन नि:संशय सिद्ध असेल तर कितीही खुणा जुळोत, तो योगायोगच. कुठल्या टोकापासून सुरुवात करायची यावर निकाल फिरू शकतो. कलकत्ता उच्च न्यायालयात हे दिसलं. तीन न्यायाधीशांपैकी विश्वास आणि कॉस्टेलो वादीच्या बाजूने, लॉज विरुद्ध. कॉस्टेलो सुटीवर इंग्लंडला गेले आणि युद्धामुळे तिथेच अडकले, त्यांचा निकाल लिहून पाठवलेला आला. शेवटी ३० जुलै १९४६ ला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, लॉर्ड थँकर्टन यांच्या निकालपत्राने अपील फेटाळलं. त्याचा पाया नव्याने सत्यशोधन हा नव्हता. खालच्या दोन न्यायालयांचं वस्तुस्थितीवर एकमत असेल तर सहसा हात घालायचा नाही, हा तिथला रिवाज होता.

एक सावधगिरी. दिवाणी दाव्यात 'अधिक संभाव्य काय' हा मापदंड असतो. म्हणजे पुराव्याला टक्केवारी आहे. त्यावरून 'वादी सत्तर टक्के कुमार आहे' असं म्हणता येत नाही. तो एकतर कुमार आहे किंवा नाही, टक्के आहेत ते आपल्या खात्रीचे. टिकून राहण्यात जे महत्त्वाचं असतं तेच अंशाअंशाने असू शकतं हा पार्फिटचा दावा पूर्णपणे वेगळा आहे, आणि ढाक्याच्या न्यायालयाला तो परवडणारा नव्हता.

सोऽयं देवदत्तः

वेदान्ताच्या वर्गात शेकडो वर्षं घोकलं गेलेलं वाक्य, 'हा तोच देवदत्त', १९२१ मध्ये जयदेवपुरात शब्दशः खरं होऊन उभं राहिलं. वेदान्ती सांगतो की 'तेव्हा तिथे'ची विशेषणं आणि 'आता इथे'ची विशेषणं दोन्ही सोडून द्या, उरतो तो एकच देवदत्त. राजपुत्र, तुळतुळीत दाढी, बंगाली हे एकीकडून सोडा. जटा, भस्म, हिंदी वळणाचं बंगाली हे दुसरीकडून सोडा. ठीक. पण कुठली विशेषणं सोडायची आणि कुठली धरायची हे वाक्य सांगत नाही. भाषेचं वळण सोडायचं आणि घोट्याचा व्रण धरायचा, हे कुणीतरी कारणासहित ठरवावं लागतं. प्रतिवादींनी नेमकं उलट केलं. त्यांनी भाषा धरली आणि वादी हा पंजाबातल्या औजला गावचा मालसिंग असल्याचं मांडलं.

नैयायिक (न्यायदर्शनाचे तत्त्वज्ञ) आणि बौद्ध यांचा जुना वाद इथे जास्त कामाचा. नैयायिकाच्या मते 'तोच हा' ही प्रत्यभिज्ञा, म्हणजे ओळख पटणं, स्वतःच स्थिर वस्तूचा पुरावा आहे, आणि ओळखणाराही तोच असल्याशिवाय ओळख होऊच शकत नाही. ज्याने तेव्हा पाहिलं तोच आता पाहतो आहे. बौद्ध विचारतो, कापून पुन्हा उगवलेल्या नखाला आपण 'तेच नख' म्हणतो ना? रात्रभर जळणाऱ्या दिव्याला 'तीच ज्योत' म्हणतो ना? सादृश्यावरून झालेली ओळख आणि तादात्म्यावरून झालेली ओळख आतून सारखीच वाटते.

ढाक्यात हा आक्षेप कागदावरचा राहिला नाही. आजी सत्यभामा देवी, बहीण ज्योतिर्मयी, थोरली वहिनी सरयूबाला यांनी त्याला ओळखलं. विभावती आणि तिचा भाऊ यांनी नाकारलं. दोन्हीकडची माणसं कुमाराला जवळून पाहिलेली. प्रत्यभिज्ञा जर स्वयंपूर्ण पुरावा असेल तर ती परस्परविरुद्ध कशी होते? आणि यात एक गंमतही आहे. एका माणसाच्या तादात्म्यावर शंका घेताना न्यायालयाने १,५४८ साक्षीदारांचं तादात्म्य मुकाट गृहीत धरलं होतं. १९०९ मध्ये पाहणारा आणि १९३४ मध्ये साक्ष देणारा एकच, हे कुणी कुणाला विचारलं नाही. नैयायिकाचा मुद्दा इथे शिल्लक राहतो.

दोन दावेदार आले असते तर

१९५० च्या दशकात बर्नार्ड विल्यम्सने विचारलं: एखाद्याला गाय फॉक्सच्या सगळ्या आठवणी आल्या म्हणून तो फॉक्स मानला, आणि उद्या त्याच्या भावालाही तशाच आल्या तर? दोघेही फॉक्स असू शकत नाहीत. म्हणजे आठवणी पुरेशा नाहीत, कारण त्या एकाहून अधिक ठिकाणी उगवू शकतात. देह तसा उगवत नाही. दोन साधू आले असते आणि दोघांनीही 'आलोका' म्हटलं असतं तर जयदेवपूरची गर्दी गप्प झाली असती. घोट्याचा व्रण मात्र दोघांपैकी एकाच्याच पायावर कुमाराच्या पायावरून चालत आलेला असता.

मराठी वाचकाला इथे सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवणारच. पानिपतानंतर उभा राहिलेला, रत्नागिरीच्या कैदेतून सुटून १७७६ मध्ये कोकण उठवणारा आणि त्याच वर्षी पुण्यात देहान्त शिक्षा झालेला. तिथेही रणावरच्या देहाची ओळख पटली की नाही हाच वादाचा उगम. पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू मानला नव्हता आणि त्या सवाष्णच राहिल्या होत्या. भावलमध्ये बाजू उलट पडल्या: परत आल्याचा दावा करणारा पती समोर, आणि पत्नीच्या लेखी तो मेलेलाच.

जो मुद्दा ऐरणीवर आला नाही

खटल्यात कुणी असं म्हटलं नाही की 'हा तोच देह आहे, पण संन्यासाने तो वेगळी व्यक्ती झाला.' प्रतिवादींचं म्हणणं शेवटपर्यंत एकच, हा दुसराच माणूस आहे. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत रसाळ जागा मात्र हीच, कारण हिंदू कायद्यात तिचं उत्तर तयार होतं. रीतसर संन्यास म्हणजे दिवाणी मृत्यू. आत्मश्राद्ध (स्वतःचंच श्राद्ध), विरजाहोम आणि प्रैषोच्चार (सर्वसंगपरित्यागाचा उच्चार) हे संन्यासाचे विधी झाले की पूर्वाश्रमीचा माणूस कायद्याने मेला, त्याची मिळकत वारसांकडे गेली. भगवी वस्त्रं आणि राख एवढ्याने हे होत नाही, विधी पुरे झाल्याचा आणि संसाराशी संबंध कायमचे तोडल्याचा पुरावा लागतो.

लॉक म्हणाला होता की 'माणूस' आणि 'व्यक्ती' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि 'व्यक्ती' ही कोर्टकचेरीची संज्ञा आहे, श्रेय-दोष आणि मालकी चिकटवण्यासाठीची. पाश्चात्त्य कायद्याने ते कधी फारसं मनावर घेतलं नाही. धर्मशास्त्राने मात्र घेतलं: प्राणी तोच, व्यक्ती संपली. फरक इतकाच की लॉकची सीमारेषा स्मृतीवर आहे आणि धर्मशास्त्राची संकल्पावर. स्मृती गेलेल्या माणसाने घेतलेली दीक्षा हा संकल्प कुणाचा? ज्याला आपण काय सोडतो आहोत हेच ठाऊक नाही, त्याने ते सोडलं असं म्हणता येईल का? सोडणाऱ्याला सोडल्या जाणाऱ्या वस्तूचं ज्ञान हवं असं धरलं तर साधूच्या दीक्षेने कुमाराची मिळकत सुटत नाही. हा मुद्दा धसाला लागला असता तर तादात्म्याच्या सिद्धान्तांना ५३२ पानांहून अधिक काही मिळालं असतं.

प्रिव्ही कौन्सिलच्या निकालानंतर थोड्याच दिवसांत वादी वारला. विभावती देवी १९६६ पर्यंत जगल्या आणि त्यांनी तो माणूस आपला पती असल्याचं कधीच मानलं नाही.

आज हा दावा आला असता तर बहिणींच्या मुलांचे नमुने घेऊन मातृवंशीय डीएनए आणि इतर चिन्हकं ताडून काही आठवड्यांत मामला आटोपता. मातृवंशीय डीएनए आईकडून सगळ्या भावंडांना सारखाच मिळतो, म्हणजे ही सगळी तपासणी मिळून फार तर वादी विलासमणीच्या पोटचा एक मुलगा एवढंच दाखवते. मेजो की थोरला की धाकटा हे नाही. बाकी दोघे भाऊ तोवर निर्विवाद मेलेले असल्यामुळे उरतो तो मेजोच. म्हणजे प्रयोगशाळेलाही शेवटचं पाऊल दोन मृत्यूंच्या नोंदींवर भरवसा ठेवूनच टाकावं लागलं असतं, आणि तिसरी तशीच नोंद तर खोटी ठरवायला निघालो होतो.